चलनबुकवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र चारचौघांत लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाहीये. ‘नाव छापलंस तर दारात उभी करणार नाही’ हा तुमचाच दम. नौपाड्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आभार मानायचे राहूनच गेले होते. अमेरिकेतल्या एका बातमीने ते काम वर आणलं. तिकडे डायमंड नावाची कॉमिक्स वितरणाची कंपनी होती, 1982 सालची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कॉमिक्सच्या दुकानांत जाणारा जवळजवळ सगळा माल तिच्याच गोदामातून निघायचा. 2020 मध्ये डीसी आणि पुढच्या वर्षी मार्व्हल या बड्या प्रकाशकांनी दुसरी वाट धरली, आणि 14 जानेवारी 2025 ला डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोठे आधीच सटकले होते, अडकले ते छोटे. त्यांची पुस्तकं गोदामात जांगडीवर पडलेली, म्हणजे खपतील तसे पैसे. जूनमध्ये कंपनी कोर्टाला म्हणाली, हा मालही आम्हाला विकू द्या. छपाईचं बिल भरलं एकाने, पुस्तकं विकून देणी भागवणार दुसराच! प्रकाशक एकत्र येऊन कोर्टात भांडले. गोम अशी, की तिकडच्या कायद्यात जांगड मालावरचा हक्क शाबूत ठेवायचा तर आधी सरकारदरबारी तशी नोंद करावी लागते. ज्यांनी ती केली नव्हती, त्यांच्या पोटात गोळा.

हे वाचलं आणि तुमचं लाल पेन आठवलं.

आमचं पहिलं कॉमिक वागळे इस्टेटमधून छापून आलं तेव्हा आम्हा दोघींना वाटत होतं, काम संपलं. मी लिहिलं, मैत्रिणीने चित्रं काढली, 32 पानं, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म, सेंटर पिन, 500 प्रती. आईच्या ओळखीने तुमच्याकडे आलो, तर तुम्ही चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलंत, “चलनबुक कुठाय?” मग स्वतःच्या ड्रॉवरमधून, कुणाला किती माल दिला ते लिहायचं, कार्बनवालं कोरं बुक काढलंत. एका पानावर तीन रकाने आखलेत: दिले, खपले, परत. खाली लाल अक्षरांत लिहिलंत, ‘माल जांगड. विक्री होईपर्यंत मालकी प्रकाशकाची.’ दुकानदाराची सही आणि शिक्का, दोन्ही हवेत. नुसत्या सहीवर माल सोडायचा नाही.

मला ते तेव्हा जरा अतीच वाटलं. चाळीस टक्के कमिशनवर वीस-वीस प्रती ठेवायच्या, त्याला एवढा सोहळा? पण तुमची उभी हयात पेपर एजन्सीत गेलेली. पहाटे स्टेशनवर गठ्ठे उतरवून घेतलेले, दिवाळी अंकांचे परतावे मोजलेले. इंद्रजाल कॉमिक्स 1990 ला बंद पडलं तेव्हा स्टॉलवाले वेताळाचा पुढचा अंक कधी म्हणून विचारत राहिले, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुम्हालाही कॉमिक्समध्ये रस आहे. (चित्रं बघितली नाहीत याचा राग तिथे गेला.)

कव्हरवरून मात्र आपलं वाजलं. स्टॉलवर अंक दोरीला चिमट्याने लटकतात, एकावर एक. दिसते ती फक्त वरची चार बोटं पट्टी. तेव्हा नाव वर घ्या, किंमत नावाशेजारी, हे तुमचं म्हणणं. दुसऱ्या अंकाचं कव्हर तसं केलं. मैत्रिणीला त्याची अजून चुटपुट आहे, कारण तिचं आकाश कापलं गेलं. मला विचाराल तर चित्र म्हणून ते कव्हर पडलंच. पण स्टॉलवर उचललं गेलं, हेही खरं.

आणि मग तो मुंबईतला वितरक. 120 प्रती त्याच्याकडे होत्या, फोन बंद झाला, गाळ्याच्या मालकाने थकलेल्या भाड्यापायी शटरला स्वतःचं कुलूप घातलं. मी प्रतींवर पाणी सोडलं होतं. तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याबरोबर लोकलने आलात. मालकाशी आवाज चढवला नाहीत. चलनबुक उघडून त्याच्यापुढे धरलंत आणि म्हणालात, “शेठ, आतलं जे त्याचं आहे ते तुम्ही बघा. हा माल या मुलींचा. वाचा, शिक्का त्याचाच आहे.” त्याने चष्मा लावून ती लाल ओळ वाचली, पुन्हा वाचली, मग पोराला किल्ली आणायला पाठवलं. आत आमचे गठ्ठे तुम्ही शिकवलं होतं तसेच बांधलेले होते, वरखाली पुठ्ठा, सुतळीची गाठ बाजूला, म्हणून कोपरे शाबूत. 74 प्रती मिळाल्या. तुम्ही रकान्यात ‘परत 74’ लिहून मालकाची सही घेतलीत आणि मला वडापाव खायला घातलात, तोही माझ्या पैशांनी.

74 प्रती म्हणजे फार नाहीत, पण पुढच्या अंकाचा कागद त्यांच्याच विक्रीतून आला. तिकडे अमेरिकेत वकील लावून लोक जे मागत होते, ते आम्हाला कार्बनच्या एका निळ्या पानावर मिळालं. त्याबद्दल, आणि त्या गुडघ्याबद्दल, मनापासून आभार.

आता कामाचं. तिसरा अंक 48 पानी आहे, तीन फॉर्म. 22 सप्टेंबर 2025 पासून छपाईच्या कागदावर 12 ऐवजी 18 टक्के जीएसटी लागतोय. पुस्तकावर कर शून्य, त्यामुळे कागदावर भरलेला वळताही होत नाही. मैत्रीण म्हणते किंमत 180 ठेवू, मी 150 वर अडून बसलेय. रविवारी दोघी येतो. तुम्ही सांगाल ती छापू. आणि चलनबुक संपत आलंय. नवं कुठल्या दुकानातून घ्यायचं तेवढं सांगून ठेवा, ते तीन रकाने छापील कुठेच मिळत नाहीत.

तुमची,
खालच्या आळीतली कॉमिकवाली
ठाणे