खुले पत्र : आधीच निवडून ठेवलेल्या डेटाबेसच्या निविदेबद्दल

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या लघुउद्योजकांच्या बैठकीत आपण शब्द दिला होता : परवाना पोर्टलसाठी नवा डेटाबेस घेण्याआधी तीन-चार पर्याय आपल्याच माहितीवर चालवून पाहू, निकाल जाहीर करू, मग खरेदी. टाळ्या जोरात वाजल्या. आता निविदा निघाली आहे आणि तिच्यात चाचणीचं नावही नाही. तांत्रिक अटींच्या तक्त्यात एकाच उत्पादनाची वैशिष्ट्यं माहितीपत्रकाच्या क्रमानं उतरवली आहेत आणि खाली लाजेकाजेस्तव 'किंवा समकक्ष' असं लिहिलंय. लग्न ठरल्यावर वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवावं, तसं.

आधी पैशांचं बोलू, कारण ते आमचे आहेत. ऑरेकल या विकतच्या डेटाबेसच्या एंटरप्राइज (मोठ्या संस्थांसाठीच्या) आवृत्तीचा छापील दर प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर. इंटेलच्या चिपमधल्या १६ कोअरना (आतल्या गणन-एककांना) ऑरेकलच्या नियमातला अर्ध्याचा गुणक लावला की आठ परवाने होतात, म्हणजे ३,८०,००० डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरा. सव्वातीन कोटींच्या आसपास गेलेच. देखभाल दरसाल २२ टक्के, म्हणजे पाच वर्षांत मूळ किमतीपेक्षा जास्त. क्लस्टर (अनेक सर्व्हरनी मिळून एकच डेटाबेस चालवणं) हवा तर प्रोसेसरमागे आणखी २३,०००, पार्टिशनिंग (मोठा तक्ता तुकड्यांत ठेवणं) हवं तर ११,५००. घसघशीत सवलत मिळते म्हणाल. मिळू दे. दुसऱ्या केंद्रात राखीव ठेवलेल्या (स्टँडबाय) सर्व्हरलाही परवाने लागतात, ते आपल्या अंदाजपत्रकात कुठे आहेत? पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसला परवाना शुल्क नाही, पण तेही फुकट पडत नाही. दोन जाणते डीबीए (डेटाबेस सांभाळणारे तज्ज्ञ) आणि चोवीस तासांचा सपोर्ट करार त्या बाजूला धराच. फक्त दोन्ही बाजूंची पाच वर्षांची बेरीज शेजारी शेजारी मांडा. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण २०१५ चं आहे. आपल्या सल्लागारांपर्यंत ते अजून पोचायचं असावं.

निविदा म्हणते, 'सेकंदाला दहा हजार व्यवहार'. कसले? किती माहितीवर? सगळी माहिती मेमरीत मावली तर कुठलाही डेटाबेस पळतो. माहिती मेमरीच्या निदान तिप्पट हवी, चाचणी काही तास सलग हवी, म्हणजे चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) आणि व्हॅक्यूम (जुन्या नोंदींची साफसफाई) मध्येच सुरू झाल्यावर काय होतं ते दिसतं. आकडा सरासरीचा नको, शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या किती वेळात पुऱ्या झाल्या त्याचा हवा. शेवटच्या तारखेला आमचा अर्ज नेहमी त्या शंभराव्यातच असतो. आणि एक गोष्ट सही करण्यापूर्वी वाचा : काही व्यापारी परवान्यांत चाचणीचे निकाल संमतीशिवाय प्रसिद्ध करायला मनाई असते. निकाल जाहीर करण्याचं आपलं आश्वासन त्यात बसतं का?

'पैसे गेले, पावती नाही' हा भोसरीपासून चाकणपर्यंत सगळ्यांचा रोग. त्यामागे चमत्कार नाही. पोर्टल चालवणारे आठ ॲप सर्व्हर डेटाबेसशी प्रत्येकी पन्नास जोडण्या उघडून बसतात, म्हणजे चारशे. पोस्टग्रेसमध्ये मुळात मर्यादा शंभराची आणि प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस. मधे पूलर (थोड्या जोडण्या सगळ्यांत वाटून वापरणारा मध्यस्थ) नसेल तर बँकेकडून आलेला 'पैसे मिळाले' हा निरोप नोंदवायला जोडणीच मिळत नाही. उलट दोष दुहेरी पावतीचा. दोन विनंत्या एकाच क्षणी 'पावती आहे का?' विचारतात, दोघींना 'नाही' मिळतं, दोघी नोंद करतात. बँकेच्या व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) असेल तर दुसरी जागच्या जागी अडते. महागडा डेटाबेस घेऊन हे आपोआप सुटत नाही. तक्त्यात 'एसिड : होय' (म्हणजे व्यवहार अर्धवट राहणार नाही, नोंद हरवणार नाही) अशी टिक मात्र आहे, अभिनंदन.

मराठीबद्दल तर त्या दीडशे पानांत अवाक्षर नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ऑरेकलमध्ये रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. 'श्रीकृष्ण' म्हणजे नऊ चिन्हं, २७ बाइट. 'श्रीकृष्ण ज्ञानेश्वर' ५८. पन्नास बाइटच्या रकान्यात आडनावापर्यंत पोचायच्या आधीच अर्ज फेटाळला जातो आणि खिडकीवरचा बाबू म्हणतो, नाव इंग्रजीत भरा. पोस्टग्रेस अक्षरचिन्हं मोजतं. ऑरेकललाही तसं सांगता येतं, पण सांगावं लागतं. क्रमवारीचं तसंच : मराठी वर्णमालेत ळ ह-नंतर, युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या क्रमात ल-नंतर. आणि 'बोऱ्हाडे' दोन प्रकारे टंकता येतं. ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखंच, डेटाबेसला दोन वेगळी माणसं. युनिकोडच्या प्रमाणीकरणानंही ही दोन एक होत नाहीत. तो नियम आपणच लिहायचा असतो. ही चाचणी एका दुपारी होते.

बॅकअपच्या रकान्यात 'उपलब्ध' एवढाच शब्द. अहो, बॅकअप सगळ्यांकडे असतो, परत उभा राहायला किती वेळ लागतो ते विचारा. माहिती दोन टेराबाइट, वेग सेकंदाला २०० मेगाबाइट, तर नुसत्या कॉपीला पावणेतीन तास, त्यावर नंतरचे लॉग (बॅकअपनंतरच्या बदलांची नोंदवही) चढवणं वेगळं. निविदेत मात्र बॅकअपवरून सेवा अर्ध्या तासात परत सुरू करण्याची अट. हे लिहिणाऱ्यानं भागाकार तरी केला होता का?

केला नसणार, कारण लिहिणारा वेगळा, विकणारा वेगळा, चालवणारा वेगळा, आणि बिघडल्यावर रांगेत उभे आम्ही. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय या शहरात, डेटाबेस कोळून प्यायलेली माणसं हिंजवडीत पोत्यानं. पण निविदेची पात्रता कंपनीच्या उलाढालीवर, कामाचा निवाडा सर्वांत कमी दरावर, आणि निविदापूर्व बैठकीत प्रत्येक शंकेला छापील उत्तर : 'निविदेप्रमाणे'. प्रश्न निविदेबद्दलच होता, साहेब! ज्या अधिकाऱ्याला यातलं कळू लागतं त्याची बदली होते. नवा येतो, सल्लागार तोच.

मुदत संपण्यापूर्वी शुद्धिपत्रक काढा. एकच हार्डवेअर, चार उत्पादनं, सहा आठवडे. शेवटच्या तारखेची गर्दी, चालू सर्व्हरची वीज तोडणं, बॅकअपवरून उभारणी आणि मराठी नावं, एवढं सगळ्यांसमोर करून दाखवा. चाचणीसाठी माहिती देताना गोपनीयतेच्या नावाखाली नावं पुसून 'कखग' करू नका. पत्ते, रकमा, आडनावं यांची आपसांत सरमिसळ करा, फोन नंबर काढून टाका. नाहीतर बोऱ्हाड्यांचा अर्ज पुन्हा थेट शेवटच्या तारखेलाच अडकेल.

कळावे,
एक डीबीए,
भोसरी, पुणे