आप्पांना पत्र: डोंगरातल्या माशासाठी काठी

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
२० मे

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

जुलैची तिकिटं निघाल्यापासून दर फोनला तुम्ही विचारता, मासेमारीला काठी कोणती घेतलीस. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पाण्याचं सांगते, कारण सगळं सामान मी त्यावरूनच ठरवलंय. आपण जाणार आहोत रॉकी माउंटन नॅशनल पार्कात. पायथ्याचं इस्टेस पार्क गावच साधारण २,३०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या दुप्पट उंच. वरच्या तळ्यांवरचा बर्फ जूनअखेरीस, कुठे कुठे जुलैत फुटतो. ओढ्यांना वितळल्या बर्फाचं पाणी. गुडघाभरच, पण ओढ जबर, आणि तळातला खडा न् खडा दिसेल इतकं नितळ. आपण ज्याच्या मागं जाणार त्या ट्राउट माशाला असंच पाणी लागतं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पाणी २० अंशांच्या पुढे तापलं की या माशाचे हाल सुरू होतात. मे महिन्यातल्या गिरणेच्या डोहात तो जगणारच नाही.

एवढ्या उंचीवर उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, खाणं थोडं, म्हणून मासाही बहुधा वीतभर, फार तर थोडा मोठा. रोहू-मरळीच्या हिशेबानं बांधलेली तुमची काठी आणि जाड नायलॉन घरीच राहू द्या. गांडूळ आणि कणकेची गोळीसुद्धा इथं चालत नाही. पार्कात गांडूळ लावायची मुभा १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनाच, तीही सगळ्या पाण्यावर नाही. मोठ्यांनी बनावट माशी किंवा धातूचं आमिषच वापरायचं.

माशी म्हणजे बारक्या गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला किडा. तुम्ही शिशाच्या वजनावर गळ लांब फेकता. माशीला वजनच नाही, मग ती जाणार कशी? वजन दोरीत असतं! या सगळ्या प्रकारात मला हीच गोष्ट सर्वांत आवडते. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन बघून तिला नंबर देतात. ४ नंबरची १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅम. ५ नंबरची १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम. काठी त्याच नंबरची घ्यायची. मग दोरी मागं उलगडली की तिच्या वजनानं काठी बेतानं वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढं धाडते. मागं दोरी पूर्ण सुटेपर्यंत थांबायचं. आसुडासारखा फटका मारला तर माशीच तुटून जाते. तुमच्या हाताला धीर आहे, तुम्हाला हे लवकर जमेल.

तुमच्यासाठी साडेआठ फुटी, ४ नंबरची, चार तुकड्यांची काठी घेतली. याहून लांब घेतली तर ओढ्यावर वाकलेल्या झुडपांत अडकते. याहून आखूड घेतली तर मधल्या जोरकस धारेवरून दोरी उचलून धरता येत नाही. तळ्यावर दुपारी वारा सुटतो, तिथं माझी ९ फुटी, ५ नंबरची आहेच. रीलवर मुद्दाम खर्च केला नाही. एवढ्याशा माशाला ते दोरी गुंडाळून ठेवण्यापुरतंच लागतं. वाचलेले पैसे चांगल्या दोरीत घातले.

दोरीपुढं ९ फुटी लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, आणि त्याच्या टोकाला ५ एक्सचा बारीक धागा. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी कळते. ११ मधून ५ गेले, राहिले ६, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले सहा, ०.१५ मिलिमीटर. आकडा वाढला की धागा बारीक होतो. गळाचंही तसंच, १८ नंबरचा १४ पेक्षा लहान. तरंगत्या माश्यांत ॲडम्स १४ नंबरची आणि एल्क हेअर कॅडिस १६ ची, बुडणाऱ्यांत फेझंट टेल आणि प्रिन्स निम्फ. प्रिन्सच्या अंगाला मोरपिसाचे तंतू गुंडाळलेले असतात. पण म्हणून घरची मोरपिसं बॅगेत घालू नका, ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

सगळ्या गळांचे उलटे काटे मी पकडीनं दाबून सपाट केलेत, म्हणजे मासा इजा न करता सोडता येतो. इथला मूळ मासा ग्रीनबॅक कटथ्रोट, ट्राउटचीच एक जात. खाणींनी पाणी नासलं, मासेमारी बेसुमार झाली, त्यात बाहेरून आणलेले ब्रुक, ब्राउन, रेनबो ट्राउट सोडले गेले. १९३७ पर्यंत हा मासा संपला असं धरून चालले होते. पुढे काही ओढ्यांत तो सापडल्यासारखं वाटलं. पण २०१२ च्या जनुकीय तपासणीत दिसलं की शुद्ध वंश कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक या एकाच ओढ्यात उरलाय. आता तिथल्या वंशाची पैदास करून तो पुन्हा इतरत्र सोडतात. १९९४ पासून तो इथला राज्यमासा आहे. म्हणून आप्पा, जबड्याखाली लाल-केशरी रेघ दिसली की हात ओले करायचे, गळ काढायचा आणि मासा पाण्यातच सोडायचा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. ब्रुक ट्राउट मात्र बाहेरचा आणि मुबलक. नियमात बसेल तिथला एखादा घरी आणू. आईला म्हणावं, काळा मसाला नक्की घे.

जुलैत दुपारी इथं विजा कडाडतात आणि काठी ग्रॅफाइटची, तिच्यातून वीज वाहते. ढग भरून आले की काठी खाली ठेवून तडक उतरायचं. तुम्ही सकाळी लवकर उठताच, सगळं पाणी दुपारच्या आत करू. आईला चढण नको, म्हणून पहिला दिवस स्प्रेग लेकवर. तळ्याभोवती सपाट वाट आहे, ती आपल्या नजरेसमोर फिरेल.

१६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. बाहेरच्यांना एका दिवसाचाही मिळतो, तो मी काढेन. पाण्यात उतरायचे बूट भाड्यानं घ्यायचेत. जाड मोजे घालून कागदावर पाऊल ठेवा, भोवती रेघ मारा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. रक्तदाबाच्या गोळ्या किती चालू आहेत तेही कळवा. एवढ्या उंचीवर न्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारलेलं मला हवंय.

तुमची लेक