कॅमेऱ्यांचा डे-नाइट मोड: घरोघरी तपासून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांनी दारावरच्या कॅमेऱ्याला रात्रीच्या मोडवर जाण्यासाठी संध्याकाळी ७ची ठरावीक वेळ लावून ठेवली आहे. मुंबईत जुलैच्या सुरुवातीला सूर्य साधारण ७.२०ला मावळतो, नोव्हेंबरअखेर मात्र ६लाच. म्हणजे थंडीत तासभर चित्र काळपट राहतं आणि नेमकी तीच वेळ मुलं खेळून घरी परतण्याची.

त्यामुळे मोड 'ऑटो'वर ठेवा. अंधार पडला की लेन्समागचा, इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवणारा फिल्टर आपोआप बाजूला सरकतो आणि चित्र कृष्णधवल होतं. त्या वेळी येणारा 'टक' आवाज बिघाडाचा नव्हे.

गेटजवळच्या घरांना एक त्रास होतो: गाडीचा हेडलाइट पडला की कॅमेरा दिवस समजून बसतो आणि पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. सेटिंगमध्ये मोड बदलण्याचा विलंब असतो, तो थोडा वाढवा. होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी सूर्यास्ताचा ट्रिगर, म्हणजे सूर्य मावळताच मोड बदलण्याची सूचना, लावला तर उत्तमच, पण त्यात घराचं ठिकाण बरोबर टाकलं आहे ना, एवढं नक्की बघा.

लेन्ससमोरची कोळ्याची जाळीही झाडून घ्या. रात्री इन्फ्रारेडमध्ये ती पांढरीफटक चमकतात आणि मागचा माणूस दिसतच नाही.