बीएलओ ताईंस, नावं यादीपर्यंत पोचवल्याबद्दल

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

अंगणवाडी सांभाळून, वर बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) काम ओढत तुम्ही महाविद्यालयातल्या नवमतदार नोंदणीला वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. 25 जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, शपथ घ्यायला सगळेच उभे राहतात. नमुना 6, म्हणजे नवीन नावनोंदणीचे अर्ज, तपासायला बसणारं माणूस मिळत नाही.

फॉर्म हातात देण्याआधी घरातल्या कुणाचं तरी मतदार ओळखपत्र मागायचं, ही तुमची पहिली अट. आपलं सोलापूर ‘शहर उत्तर’, ‘शहर मध्य’ आणि ‘दक्षिण’ अशा तीन मतदारसंघांत वाटलेलं. महाविद्यालय एकीकडे, घर दुसरीकडे. आईच्या कार्डावरून मतदारसंघ आणि यादीभाग लगेच कळतो, अर्ज भरकटत नाही.

दुसरी गोष्ट आडनावाची. ऑनलाइन भरताना इंग्रजी नावाचं मराठी रूप आपोआप उमटतं आणि शहराच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं तिथेच मोडतात. वंगारीचं वांगारी होतं. मग दुरुस्तीसाठी नमुना 8 आलाच. म्हणून पाठवण्याआधी मराठी नाव मोठ्याने वाचून घ्यायचं. साधीच युक्ती, पण आम्हा प्राध्यापकांना सुचली नव्हती!

वसतिगृहातल्या मुलांना तुम्ही आधी विचारता, ‘गावी नाव आहे का?’ असेल तर नमुना 6 नाही, स्थलांतरासाठी 8. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सतरा पूर्ण झालेल्यांनाही तुम्ही परत पाठवत नाही. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण हवीत) आहेत, आगाऊ अर्ज चालतो.

खरी गळती घरी जाऊन करायच्या पडताळणीत होते. दुपारी दाराला कुलूप, आई विड्या द्यायला कारखान्यात, मुलाचा रिचार्ज संपलेला. त्यावर घरच्यांचा दुसरा नंबर, जवळची खूण आणि घरी असण्याची वेळ वेगळ्या वहीत लिहून घ्यायची, हे तुम्हीच सांगितलंत. त्याच वहीत अर्जाचा संदर्भ क्रमांक. आता अहवालात भरलेल्या फॉर्मांऐवजी यादीत छापून आलेली नावं मोजतो. आकडा लहान दिसतो, चालेल.

आपले,
राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी व सहकारी

ता. क. शेवटच्या वर्षाची मुलं ‘पदवीधर’ मतदारसंघाचा फॉर्मही मागतात. तो नमुना 18, आणि पदवीनंतर 3 वर्षं व्हावी लागतात, हे आता आम्हीच सांगतो; तुमच्याकडे पाठवत नाही.