इंजिनिअर मॅडम, तुमचे जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

हे पत्र नुसतं तुमच्या पत्त्यावर धाडूनही भागलं असतं. जाहीर लिहितोय ते दोन प्रकारच्या माणसांसाठी. एक, तंत्रज्ञान आणि डिझाइन हा विषय गळ्यात पडलेले माझ्यासारखे शिक्षक. दुसरे, शाळेचं बोलावणं आलं की ‘मुलांना आपण काय सांगणार?’ म्हणत टाळाटाळ करणारे तुमचे व्यवसायबंधू.

शाळेत पाहुणा इंजिनिअर आला की काय होतं हे सगळ्यांना पाठ आहे. स्वागत, मग पडद्यावर रॉकेट, रोबो, उंचच उंच पूल, ‘मोठी स्वप्नं पाहा’, टाळ्या. मुलं खूश असतात. पण हा माणूस सकाळी कामावर जाऊन नेमकं करतो काय, ते दुसऱ्या दिवशी एकालाही सांगता येत नाही. तुम्ही आलात त्या हातात ड्रॉइंगची एक घडी, पुठ्ठ्याचे तुकडे आणि जाड दोऱ्याचं रीळ घेऊन. भाषण नव्हतंच. पहिले आभार त्याचे.

ते ड्रॉइंग होतं एका साध्या ब्रॅकेटचं, म्हणजे आधार देणाऱ्या धातूच्या तुकड्याचं, तुमच्या कामावरचं, जुनं. मुलं चित्र बघत होती. तुम्ही बोट ठेवलंत उजवीकडे खालच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकवर. ‘तयार केले’, ‘तपासले’, ‘मंजूर’ अशा तीन चौकटी आणि तिघांच्या वेगवेगळ्या सह्या. वरच्या बाजूला बदलांची यादी. एक भोक दोन मिलिमीटर सरकवलं तरी ड्रॉइंगच्या आवृत्तीला नवं अक्षर, नवी तारीख, पुन्हा सह्या. शेवटच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘पण दुसऱ्यानं कशाला तपासायचं? तुम्हाला येत नाही का?’ मी डोळे वटारले. तुम्ही मात्र हसून दोऱ्याचं रीळ उचललंत.

त्या मुलाला तुम्ही जे उत्तर दिलंत ते मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात जसंच्या तसं करून दाखवतो. जुलै १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हायट रीजन्सी हॉटेलातले टांगते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. दोन पूल एकाखाली एक होते. मूळ आराखड्यात छतापासून निघालेल्या अखंड सळया वरच्या पुलातून आरपार जाऊन खालच्या पुलाला धरत होत्या. पुढे बांधकामाच्या सोयीसाठी एका अखंड सळईच्या जागी दोन आल्या: वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. ऐकताना काहीच बिघडलेलं वाटत नाही. तुम्ही पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घेतल्यात, एकच दोरा दोन्हींतून ओवलात, प्रत्येकीखाली गाठ मारलीत आणि दोन्हींवर सारखी वजनं ठेवलीत. टिकलं. मग खालची पट्टी सोडवून वेगळ्या दोऱ्यानं वरच्या पट्टीला बांधलीत. वजनं तीच, पुठ्ठाही तोच. वरच्या पट्टीतून गाठ कर्रकन आरपार निघाली आणि सगळं टेबलावर आलं.

कारण शोधायला तुम्ही मुलांना भरपूर वेळ दिलात, घाई केली नाहीत. पहिल्या रचनेत वरच्या गाठीवर फक्त वरच्या पट्टीचा भार होता; खालचा भार दोरा परस्पर वाहून नेत होता. दुसरीत तीच गाठ दोन्ही पट्ट्या पेलत होती. भार दुप्पट. हॉटेलातली मूळ रचनाही बांधकामाच्या नियमांना पुरेशी उतरत नव्हती, हेही तुम्ही सांगून टाकलंत. पण बदलानंतरचं गणित कुणी नव्यानं मांडलं नाही आणि कागद मात्र मंजूर झाला. शेवटच्या बाकाला आणखी समजावायची गरज उरली नाही.

आता आमच्याकडे मुलांच्या प्रत्येक ड्रॉइंगवर ‘तपासले’ची चौकट असते. सही करणाऱ्यानं एखादं माप सुटलेलं पाहिलं नाही, तर त्याचेही गुण जातात. यावरून वर्गात भांडणं होतात. होऊ देत.

एक गोष्ट इथे बोलूनच टाकतो. या विषयाचं मूल्यमापन फार काळ चकाचक मॉडेलवर होत आलंय, आणि चकाचक मॉडेल बहुतेक वेळा घरातल्या कुणीतरी मोठ्यानं रात्री जागून केलेलं असतं. तुम्ही सुचवलंत की वस्तू मोडण्याआधी ती कुठे आणि किती भाराला मोडेल याचा अंदाज मुलांकडून लिहून घ्या, आणि गुण द्या ते अंदाज का चुकला याच्या स्पष्टीकरणाला. सुरुवात तुम्ही साध्या मोजपट्टीनं केलीत. ३० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड. आडवी धरून वाकवली की सहज वाकते. कडेवर उभी धरली तर किती पट जास्त ताठ? मुलं म्हणाली दुप्पट, पाचपट, फार तर दहापट. ताठरपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या, म्हणजे वाकवण्याच्या दिशेतल्या मापाच्या, घनाच्या पटीत, एवढं सांगून तुम्ही त्यांनाच आकडेमोड करायला लावलीत. उत्तर आलं १००. त्याच प्लास्टिकची तीच पट्टी! असा अंदाज घरच्यांकडून लिहून आणण्यात कुणालाच रस नसतो, हा आणखी एक फायदा.

मग तो नेहमीचा प्रश्न आला. एका मुलीनं विचारलं, हे काम मुलींना जमतं का? मला वाटलं, आता थोर स्त्रियांची यादी येणार. तुम्ही पिशवीतून साइटवरचे हातमोजे काढून तिच्या हातात घातलेत. बोटांच्या टोकाला नखभर मोकळी जागा, स्क्रू धरता येईना. काम जमतं, हे बसत नाहीत, एवढंच म्हणालात आणि वर्गाला कामाला लावलंत. सगळ्यांच्या तळव्याची रुंदी, मधल्या बोटाची लांबी आणि मनगटाचा घेर मोजून तक्ता झाला, सरासरी निघाली, त्या मापाचा कागदी हातमोजा कापला. तो धडपणे कुणालाच बसेना. तेव्हा तुम्ही १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलानं केलेल्या मोजमापांची हकिगत सांगितलीत: ४,०६३ वैमानिक, शरीराची १० मापं, आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. म्हणून मग पुढेमागे सरकणारी आसनं, कमीजास्त होणारे पट्टे. डिझाइन म्हणजे सजावट, हा माझ्या वर्गातला समज त्या दिवशी मोडीत निघाला.

करिअरबद्दल तुम्ही जे बोललात, ते पालकसभेत सांगायला मला अजूनही जरा धीर गोळा करावा लागतो. निम्मा दिवस ईमेल, बैठका आणि दुसऱ्याची गणितं तपासण्यात जातो, हे तुम्ही सरळ सांगितलंत. गणितात कच्ची असलेल्या मुलीला ‘काही बिघडत नाही’ अशी खोटी समजूत घातली नाहीत. रोज लागतं ते गुणोत्तर, त्रिकोणमिती, एककं आणि अंदाज. पुढचं गणित शिकताना घाम फुटतो, पण सॉफ्टवेअरनं दिलेलं उत्तर वेडगळ आहे हे ओळखायला तेच कामी येतं, म्हणालात. ज्याला हातानं काम करायला आवडतं त्याला डिप्लोमा आणि तंत्रज्ञाची वाट दाखवलीत, तीही दुय्यम म्हणून नव्हे. आणि एका हुशार मुलाला चक्क म्हणालात, तुला यात रस दिसत नाही, दुसरं काहीतरी बघ. त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला. मी त्याला वर्षभर उलटंच सांगत होतो.

एक तक्रारही आहे. तुमच्यामुळे मुलं आता माझ्या प्रत्येक आकड्यामागे ‘एकक काय, सर?’ म्हणून लागतात.

हातमोज्याचं काम थांबलेलं नाही. मनगटाला ओढून घ्यायचा पट्टा लावून घेराचा प्रश्न सुटला, पण अंगठा वळवला की शिवण ताणली जाते. एक गट म्हणतो शिवण तळव्याच्या बाजूला न्या, दुसरा म्हणतो अंगठ्याचा तुकडा वेगळा कापा. दोन्ही ड्रॉइंग सोबत जोडली आहेत, आपसांत तपासून सह्या झालेली. सवडीनं बघा आणि लाल पेन सढळ हातानं चालवा.

आपला,
तंत्रज्ञान आणि डिझाइनचा एक शिक्षक