आकाशपाळणेवाल्या दादांना जाहीर आभारपत्र

पाळणेवाले दादा आणि तिकीट खिडकीवरच्या वहिनी,

सप्रेम नमस्कार.

देवगड-मालवणकडून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं तर अख्खा दिवस प्रवासातच जातो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला घेऊन तेवढा प्रवास, मग अनोळखी जागेत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी गर्दी, हे बहुतेक घरांना झेपत नाही. आमच्या मुलांचं थीम पार्क म्हणजे जत्रेत लागणारे तुमचे पाळणे. यंदा आमची मुलं त्यावर बसली, हसली आणि शांतपणे उतरून घरी गेली. हे कशामुळे जमलं ते आम्हाला नेमकं माहीत आहे, म्हणून नुसतं धन्यवाद न म्हणता सगळं लिहून काढतो आहोत. पत्र जाहीर ठेवलं आहे, कारण ते बाकीच्या पाळणेवाल्यांनी आणि बाकीच्या आईबाबांनीही वाचायला हवं.

सर्वात आधी आभार चढवण्या-उतरवण्याच्या क्रमाचे. आकाशपाळणा भरताना एक डबा भरला की चाक फिरवून समोरचा डबा भरावा लागतो, नाहीतर वजन एका अंगाला जातं. त्यामुळे जो आधी बसतो तो वर जाऊन पुन्हा पुन्हा थांबतो. इतरांना त्यात गंमत वाटते. स्वमग्न मुलाने मात्र 'पाळणा फिरतो' एवढंच मनाशी पक्कं केलेलं असतं. तो अगदी वर जाऊन थांबला, डबा वाऱ्याने हलू लागला आणि किती वेळ थांबणार हे कळेना, की मूल उठून उभं राहायला बघतं. खरा धोका तिथे आहे. तुम्ही बाकीचे डबे आधी भरून घेतलेत, मूल आणि त्याचे बाबा यांना सर्वात शेवटी बसवलंत आणि उतरवताना त्यांनाच पहिलं उतरवलंत. चाक सुटलं ते मुलापुरतं थेट जमिनीवरच थांबलं. बाबांना दाराच्या बाजूला बसवलंत, साखळी स्वतः ओढून बघितलीत आणि मांडीवर येणाऱ्या दांड्याखाली टॉवेलची घडी ठेवू दिलीत. थंड लोखंडाचा स्पर्श ज्यांना सोसत नाही, त्या मुलांचं अर्धं रडणं त्या घडीनेच वाचलं.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. बसण्याआधी तुम्ही दोन्ही हातांची बोटं दाखवून दहा फेऱ्या सांगितल्यात, आणि डबा खाली आला की दर वेळी एक बोट मिटत गेलात. मुलाला शेवट येताना दिसत होता. बरेच पाळणेवाले प्रेमाने दोन फेऱ्या जास्त देतात. आमच्या मुलांना ती भेट पचत नाही. दहा म्हणजे दहा, अकरावी सुरू झाली की ठरलेलं सगळं कोसळतं आणि पुढच्या वेळी मूल तुमच्या बोटांवर विश्वास ठेवत नाही. तुम्ही दहावर थांबलात. पुन्हा बसायचं तर नवं तिकीट, नव्या दहा फेऱ्या. फार छान केलंत.

घोड्यांच्या चक्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे चूक झाली तरी ती कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांना फिरणं कळतं ते वेग बदलताना. एकाच वेगाने फिरत राहिलं तर काही सेकंदांनी ती जाणीव विरत जाते आणि अचानक थांबलं की उलट्या दिशेने फिरल्यासारखं वाटतं. म्हणजे त्रास होतो तो झटक्याने सुरू होण्याचा आणि झटक्याने थांबण्याचा. तुम्ही चक्र हळूहळू उचललंत आणि ब्रेक न मारता आपोआप मंदावू दिलंत. काही स्वमग्न मुलांना फिरण्याची भीती असते, तर काहींना त्याची विलक्षण ओढ असते. ओढ असलेली मुलं कितीही फिरली तरी चक्कर आल्यासारखी दिसत नाहीत, म्हणून त्यांना लागोपाठ बसवलं जातं. मग थोड्या वेळाने उलटी, चिडचिड नाहीतर सैरावैरा पळणं सुरू होतं आणि 'आत्तापर्यंत तर छान होता' असं आपण म्हणत राहतो. दोन राऊंडच्या मध्ये तुम्ही मुलांना घोड्यांखालच्या फळ्या ढकलायला, पाण्याचा कॅन उचलायला दिलात, ते त्यांना फार मानवलं. अंगाला जोर लागणारं काम शरीराला ठिकाणावर आणतं. आईबाबांनी इथे पाठीवर जरा जड पिशवी द्यावी किंवा मूल मागत असेल तर घट्ट मिठी मारावी.

वेळ तुम्हीच सुचवलीत: चार वाजता, पाळणे चाचणीसाठी रिकामे फिरवता तेव्हा. त्या वेळी दिवे बंद असतात, शेजारचा मौत का कुआँ सुरू नसतो आणि लाऊडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं पुकारली जात नाहीत. किनाऱ्यावर या वेळेचा आणखी एक फायदा आहे. दुपारी खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, म्हणून जनरेटरचा धूर आणि आवाज पूर्वेला जातो. तुम्ही रांग पश्चिमेच्या अंगाला लावलीत, तिथे डिझेलचा वास जवळजवळ नव्हता. रात्री मतलई वारे सुटले की गणित उलटं होतं आणि तीच जागा धुराची होते. संध्याकाळी येणाऱ्या आईबाबांनी हे बघूनच उभं राहावं.

रांगेबद्दल काय सांगू! डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत २०१३ पासून अशी सोय आहे की स्वमग्नतेसारख्या कारणाने ज्यांना रांगेत उभं राहणं जमत नाही त्यांना परत येण्याची वेळ दिली जाते. वाट बघणं तेवढंच, फक्त रांगेबाहेर. तुम्ही तेच एका हिरव्या रुमालावर केलंत. वहिनींनी तिकिटावर 'तीन राऊंडनंतर' असं लिहून दिलं, मूल माडाखाली बसलं आणि नंबर आल्यावर तुम्ही रुमाल हलवलात. इतरांचा नंबर मारला गेला नाही, त्यामुळे कुणी तक्रारही केली नाही. वहिनी तिकीट फाडून अर्धं मुलाच्या हातात परत देत होत्या, त्याचेही आभार. हातातली वस्तू सोडताना आमच्यातल्या काही मुलांचा जीव जातो, आणि फाटकावरचं भांडण तिथूनच सुरू होतं.

राऊंड सुरू होण्याचा भोंगा तुम्ही आमच्यासाठी बंद ठेवलात आणि हात वर करून इशारा दिलात. सतत चालणाऱ्या मोठ्या आवाजापेक्षा अचानक येणारा आवाज जास्त बोचतो. गाण्यांचा बॉक्स रांगेपासून लांब नेलात, त्याचाही चांगला उपयोग झाला: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. कानावर लावायचे इअरमफ २० ते ३० डेसिबलपर्यंत आवाज कमी करतात. ते आकाशपाळण्यावर चालतात, पण ब्रेक डान्स या गरगर फिरणाऱ्या पाळण्यावर डोक्यावरून उडतात. ते घरी आठवडाभर आधीपासून थोडा थोडा वेळ घालून सवय करावी. जत्रेत पहिल्यांदा घातले तर तेच टोचतात. आणि गरज संपली की काढावेत. दिवसभर ठेवले तर साधे आवाजही नंतर मोठे वाटू लागतात.

मुलांना काखेत धरून उचलून डब्यात ठेवायची तुमच्या माणसांची रोजची सवय. तुम्ही त्यांना थांबवलंत. तळहात पुढे धरलात आणि वाट बघितलीत. प्रश्न बाबांना न विचारता मुलाला विचारलात, तोही एकदाच आणि छोटा: 'बसायचं?' उत्तर यायला वेळ लागला तरी पुन्हा विचारलं नाहीत. पहिला प्रश्न डोक्यात उलगडत असताना दुसरा आला की दोन्ही विस्कटतात, म्हणून मनात दहा अंक मोजावेत.

एका मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला, तेव्हाचं तुमचं वागणं सर्वांनी शिकावं असं होतं. ते लाडावलेलं मूल नव्हतं आणि हट्टही नव्हता. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आलेलं सगळं एकदम जड झालं होतं. तुम्ही 'काय झालं, काय झालं' म्हणत जवळ आला नाहीत. लोकांना हाताने मागे सारलंत, मोबाईल खाली करायला लावलात, तिकीट खिडकीमागची ताडपत्रीची सावली मोकळी करून दिलीत. एकट्या आईला बोलू दिलंत, बाकी सगळे गप्प. नाव विचारणं, पाणी तोंडाला लावणं, 'नजर लागली' म्हणणं, यातलं काहीही तुमच्याकडे झालं नाही. अशा वेळी मूल सावरायला पाच मिनिटंही लागतात आणि तासही लागतो. तुम्ही ती जागा परत मागितली नाहीत.

आणि समुद्र. हे आम्ही सर्वात गंभीरपणे लिहितो. बरीच स्वमग्न मुलं गर्दीतून निसटून निघून जातात आणि त्यांतल्या अनेकांना पाण्याची ओढ असते. अशा निघून गेलेल्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे मोठं कारण आहे. किनाऱ्यावरच्या जत्रेत पाळण्यांपासून लाटा हाकेच्या अंतरावर असतात. सांगितल्याबरोबर तुम्ही समुद्राकडच्या मोकळ्या बाजूला दोरी बांधलीत आणि तुमचा एक माणूस तिथे उभा केलात. मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघायचं: समुद्र, खाडी, विहीर, तळी. पुकारा नंतर करायचा. आईबाबांनी मनगटावर फोन नंबर लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि घरून निघतानाच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढून ठेवावा.

तयारीचा अर्धा भाग आमच्याकडे असतो, आणि त्यातही तुमचा हात होता. आदल्या दिवशी पाळण्यांचे फोटो काढू दिलेत. फाटक, खिडकी, पायरी, डबा, उतरण्याची जागा, असे पाच-सहा फोटो क्रमाने लावून आम्ही घरी गोष्ट वाचतो. कॅरोल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास रूढ केलेली सोशल स्टोरीची ही रीत आहे. गोष्टीत 'कधी कधी पाळणा मध्येच थांबतो, दादा तो पुन्हा सुरू करतात' हे वाक्य हवंच. खाणं बसण्याआधी तासभर, हलकं आणि रोजचं: पेज किंवा घावणे. जत्रेतलं खाजं घरी नेऊन द्यावं. पायात पट्ट्याच्या सँडल, कारण चप्पल वरून पडली की मूल तिच्यामागे वाकतं. फिट्स येत असतील तर लुकलुकत्या दिव्यांच्या वेळी येऊ नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याच पाळण्यावर बसवू नये.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. साडेसहाला दिवे लागतात, तेव्हा काही मुलं खालीच असतात आणि पळत्या रंगीत माळांनी बिथरतात. पुढच्या वर्षी आकाशपाळण्यावरच्या माळा शेवटचं मूल मैदानाबाहेर गेल्यावर लावता येतील का? नाहीतर नुसत्या स्थिर ठेवल्या तरी चालतील.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे आणि करमणुकीत सहभागी होण्याचा हक्कही आहे. तुम्ही जे केलंत ते कायदा न विचारता केलंत.

पुढच्या जत्रेला फोटोंचा एक लॅमिनेट केलेला संच, दोन जोड लहान इअरमफ आणि एक हिरवा रुमाल तुमच्या खिडकीवर आणून देऊ. ते वहिनींकडे राहू द्यावेत. आमच्या ओळखीबाहेरचं एखादं मूल आलं तरी वापरता येतील. चार वाजता किती मुलं येणार ते दोन दिवस आधी फोनवर कळवतो, म्हणजे समोरचे डबे वजनासाठी कुणी भरायचे ते ठरवता येईल. आमची माणसं बसतील, तिकिटं काढूनच.

तुमचे ऋणी,
देवगड-मालवण परिसरातील स्वमग्न मुलांचे आईबाबा आणि त्यांच्या शिक्षिका