आधी दोष, मग भरपाई : हिशेब अर्धाच मांडला

संपादक महोदय,

इजेच्या दाव्यांत दायित्व (दोष कुणाचा) आणि भरपाई (किती) यांची सुनावणी वेगवेगळी घ्यावी, हे सुचवणारा कालचा लेख वाचला. 20 टक्के वेळ वाचतो म्हणे! हा आकडा 1963 सालचा, शिकागोच्या संघीय न्यायालयातल्या खटल्यांवरून काढलेला आहे, हे वाचकांना सांगायला काय हरकत होती? आणि बचत होते कशी, तर पहिल्या टप्प्यात वादी हरला किंवा त्यानंतर तडजोड झाली, म्हणजे दुसरा टप्पा उरतच नाही. वादी जिंकला आणि प्रतिवादी अडून बसला, तर तेच डॉक्टर पुन्हा साक्षीला बोलवा, त्यांची फी पुन्हा भरा. त्यातच अमेरिकी संघीय न्यायालयांत नुसत्या दायित्वाच्या निर्णयावर सहसा लगेच अपील होत नाही. भरपाई ठरल्यावर अपिलात दायित्वच उलटले, की दोन्ही टप्प्यांची मेहनत पाण्यात.

शिवाय पुरावा असा मधोमध कापला जात नाही. मांडीचे हाड कुठे आणि कसे मोडले, यावरून धडक कोणत्या बाजूने बसली ते कळते. अंगावर उठलेल्या सीटबेल्टच्या वळावरून पट्टा लावला होता की नाही ते कळते. मग हाडाचा डॉक्टर पहिल्या टप्प्यात बोलवायचा की दुसऱ्या? वादीचा स्वतःचा निष्काळजीपणा किती टक्के, हे ठरवतानाही इजेचा पुरावा लागतोच. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1931 मध्येच बजावले होते, की मुद्दा इतका स्वतंत्र हवा की तो एकटा चालवल्याने अन्याय होणार नाही. लेखात याचा उल्लेखही नाही.

बेंडेक्टिनचा खटला तरी आठवायला हवा होता. गरोदरपणातल्या उलट्यांवरच्या या गोळीमुळे मुलांत जन्मजात व्यंग आले, असे शेकडो दावे होते. 1985 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ज्यूरीपुढे, म्हणजे कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे, फक्त कार्यकारणाचा प्रश्न ठेवला : या गोळीने व्यंग येते का? कंपनीला काय ठाऊक होते, तिने काय दडवले, हे सगळे पुढच्या टप्प्यांसाठी. ज्यूरीचे मन द्रवू नये म्हणून व्यंग डोळ्यांना दिसते अशी मुले आणि दहा वर्षांखालची सगळी मुले यांना न्यायकक्षातच प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी दुसऱ्या खोलीत टीव्हीची सोय! ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला, पुढचे टप्पे झालेच नाहीत आणि 1988 मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. विज्ञान कंपनीच्या बाजूने होते, हे मला मान्य आहे. त्याच दोन घटकांची गोळी 2013 मध्ये अमेरिकेत पुन्हा मंजूर झाली. पण ज्याचा दावा आहे त्यालाच दाराबाहेर बसवून चालवलेल्या खटल्याला निव्वळ 'वेळेची बचत' म्हणणे धाडसाचे आहे. सुनावणी अशी वेगळी घ्यायची मुभा देणाऱ्या अमेरिकी नियमात, म्हणजे संघीय नियम 42(ब) मध्ये, सोय होणे आणि पूर्वग्रह टाळणे हीदेखील कारणे दिलेली आहेत. लेखकांना फक्त काटकसर दिसली.

इंग्लंडचे उदाहरण मात्र त्यांनी योग्य दिले. मेंदूला इजा झालेल्या लहान मुलाची पुढची गरज काय, हे कळायलाच काही वर्षे जातात. तोवर दायित्व ठरवून घेतले, तर अंतरिम रक्कम मिळू शकते. ती अंतिम भरपाईच्या वाजवी हिश्श्याहून जास्त नसावी एवढेच बंधन. पण तिथे असे दावे न्यायाधीश एकटेच ऐकतात, ज्यूरी नसते. दोन्ही देशांना एकाच परिच्छेदात कोंबून लेखकांनी नेमका हाच फरक गाळला.

जाता जाता, इंग्लंडवरच्या त्या मजकुराशेजारी छापलेला लाकडी हातोडा. इंग्लंडचे न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत. आपल्या चित्रविभागाला हे एकदा कळवावे ही विनंती.

आपला,
एक वाचक